सूपभर खुरपी
परवा वज्रेश्वरीहून परतताना कुणीतरी भाताच्या रोपांसाठी जमीन भाजून राब करत होतं, तो खरपूस धूर गाडीत शिरला आणि मला टेमघरचं माझं लॉन आठवलं. नव्या घरापुढे चार खाटा मावतील एवढी जागा होती आणि तिथे लॉन करायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं होतं. सासूबाईंचा जन्म भातशेतीत गेलेला. त्या म्हणाल्या, "बाय, आदी शेण-पाला पसरून माती भाजून घे. तणाचं बी मरंल, मंग लाव तुजं गवत." मी नाक उडवलं. "आई, हे लॉन आहे, भात नाही!" जसं काही मी गवतात पदवीच घेतली होती. नर्सरीतून गवत आणून लावलं आणि लगेच भिशीतल्या आठ बायकांना श्रावणात लॉनवर चहाचं आमंत्रणही देऊन टाकलं. श्रावणापर्यंत तण असं माजलं की माझं गवत मलाच सापडेना. बायका ठरल्या दिवशी नटूनथटून आल्या. एकीने विचारलं, "लॉन कुठाय गं?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या पायाखाली हाय," आणि सूपभर खुरपी घेऊन आल्या. "चा होईपरत जरा हात लावा." बायकांनी हसत पदर खोचले, आणि मी मान खाली घालून चहा टाकायला आत पळाले. आता माझ्या सुनेला अंगणात लॉन हवंय. मी राबाचं सुचवलं, तर म्हणाली, "आई, ते शेतात करतात." मी वाद घातला नाही. तिच्या भिशीत बाराजणी आहेत, तेवढ्या खुरप्यांना धार लावून ठेवली आहे.