प्लास्टिकमधली जाकिटं आणि बंदीनंतरची पहिली फेरी

दामूअण्णांचा फोन आला तेव्हा मी एका पंपाचं हेड उघडून बसलो होतो. "परवा मासेमारीची बंदी उठत्ये. इंजिन तू बसवलंस, मग पहिल्या फेरीला तू नको काय बंदरात?" अण्णा रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तांडेल आहेत, मालक दुसरा, पण बोट चालवणार अण्णा. मी इंजिन कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, उघडून उघडून शिकलो. तरी मी बसवलेलं इंजिन समुद्रात बंद पडलेलं नाही. मोटरसायकल काढली.

कोल्हापूर, मलकापूर, आंबा घाट, साखरपा. घाटात पुढच्या ट्रकचे लाल दिवे धरून उतरावं लागलं. जाणार असाल तर उजेडातच उतरा. पालीला वडा-चहा घेतला, पण बूड टेकेना. वारा दुकानांच्या ताडपत्र्या ओरबाडत होता. हाच वारा समुद्रावर काय करत असेल? मांडवीजवळ बाराशेला खोली मिळाली. फोन करूनच जा.

रात्री अण्णांकडे तांदळाची भाकरी नि सुकटाची चटणी. वाढता वाढता वहिनी म्हणाल्या, "पूर्वी पुनवेला नारळ सोडल्याशिवाय बोट हलत नव्हती. आता सरकारी तारीख आली की सगळे सुटतात. यंदा पुनव किती लांब आहे!"

"मालकाला पुनव कळत नाय गो," अण्णा म्हणाले. "बंदी हवीच, मासा वाढतो. पण तारीख उजाडली नि बाकीच्या बोटी भरून आल्या, मी नारळ धरून घरात बसलो, तर उद्या तांडेल दुसरा."

सकाळी जेटीवर बर्फ, डिझेल, जाळी, आरडाओरड. इंजिनाचा आवाज ऐकला, ठीक होता. मग वर नजर गेली. केबिनच्या छताला नारिंगी लाइफ जॅकेटं बांधलेली, प्लास्टिकसकट.

"ही अशी का?"

"तपासणीला कोरी दिसायला हवीत. मळली की साहेब कटकट करतो."

बाज्या नावाचा दांडगा खलाशी हसला. "ते घालून जाळं कसं ओढू? मिस्त्री, तू कोट घालून पंप खोल, मग मी घालतो!"

मी नायलॉनची गाठ सोडून पाहिली. कोरड्या हातांनी, दोन्ही पाय जमिनीवर असताना, सुटली नाही. तेवढ्यात तपासणीवाले आले, जॅकेटं मोजली, कागद भरला, गेले. "आता तरी सोडा," मी म्हटलं. "बाहेर गेल्यावर सोडतो," अण्णा म्हणाले, कारण शेजारची बोट सुटली होती.

मी रत्नदुर्गावर चढलो. भगवतीचं देऊळ, दीपगृह, खाली समुद्र. देखावा म्हणे अप्रतिम आहे. मला माहीत नाही. मी अण्णांच्या बोटीची निळी-पिवळी केबिन शोधत होतो. बंदराच्या तोंडाशी सगळ्या बोटी एकदमच घुसत होत्या. निळी-पिवळी लाटेवर चढली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली. मग बराच वेळ नाहीच दिसली. खाली आलो, थाळी मागवली, तशीच टाकून जेटीवर गेलो. वहिनी तिथेच उभ्या होत्या.

दुपार कलताना बोट आली. बाज्या घोंगडीत गुंडाळलेला, ओठ काळेनिळे. लाटेने त्याला उचलून बाहेर फेकलं होतं. जाळ्याचा तरंगता बोया हाताला लागला म्हणून वाचला.

"जॅकेट?" मी विचारलं.

"गाठ सुटली नाय," अण्णा खाली बघत म्हणाले.

मग त्यांनी कोयता घेतला, दोरी तोडली आणि एकेक प्लास्टिक टराटरा फाडलं. बाज्याचे दात वाजत होते, तरी तोंड बंद नाही: "अण्णा, आता तपासणीला काय दाखवशील?"

"तुला दाखवीन, मेल्या. जिता."

वहिनींनी पदर डोळ्यांना लावला आणि बाज्याला चहा पाजायला घरी घेऊन गेल्या.

मी कोल्हापूरला घरी आलो. माझं इंजिन दिवसभर बिनतक्रार चाललं, पण त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. पुनवेला अण्णांनी फोटो पाठवला: बोटीच्या दोरीवर वाळत घातलेली जॅकेटं, खवल्यांनी माखलेली, ओंगळ. खाली लिहिलं होतं, "साहेब ओरडला."

हल्ली पंप उघडण्याआधी मी मोबाइलवर रत्नागिरीचा वारा बघतो. कोल्हापुरात त्याचा काही उपयोग नाही.