चार आकडे आणि पुढचं काहीही

नववीत शाळा सुटलेल्या मुलीला कॉम्प्युटरसमोर कोण बसवतं? बुऱ्हाणपूरला, लालबागमध्ये, एका ताईंनी मला बसवलं. तीन महिने बघू, म्हणाल्या. सावंतवाडीहून इतक्या लांब आलेली मी. त्या नुसत्या खोकल्या तरी उठून उभी राहायचे.

केळीच्या गाड्या कुठवर पोहोचल्या ते दाखवणारी वेबसाईट आम्ही करत होतो. साईटच्या पत्त्यात ‘गाडी’पुढे चार आकडे टाकले की त्या नंबरच्या गाडीचं पान उघडायचं. कोणत्या पत्त्याला कोणतं पान द्यायचं, हे ठरवणारा नियम, म्हणजे रेजेक्स, ताईंनी मला शिकवून माझ्याकडूनच लिहून घेतला. तपासणीही माझीच. मी चाळीस खऱ्या गाड्यांचे नंबर टाकले. चाळीसही पानं उघडली, सगळे हिरवे! “असं पान नाही” ही लाल ओळ मला बघवायचीच नाही, म्हणून ती येईल असं काही मी टाकलंच नाही.

तिसरा महिना संपत आला आणि फोपनारचे एक शेतकरी काका साईट बघायला आले.

“नंबर टाका, काका,” ताई म्हणाल्या.

काकांनी मन लावून आपला मोबाईल नंबर टाकला. दहाच्या दहा आकडे. पान उघडलं!

“अरे बेटी, माझा माल अजून झाडावर लटकलाय, अन् हे बोलतं दिल्लीत उतरला! कोणी उतरवला?”

माझा नियम मोबाईलचे पहिले चार आकडे बघूनच खूश झाला होता आणि त्या नंबरच्या दुसऱ्याच गाडीचं पान त्याने उघडलं होतं. ‘इथे संपलं’ सांगणारं डॉलरचं चिन्ह मी शेवटी घातलंच नव्हतं. मी मनातल्या मनात बॅग भरली.

काका गेल्यावर ताई म्हणाल्या, “उघडायला पाहिजेत ते पत्ते तपासलेस. उघडायला नकोत ते?”

“ते चुकीचे असतात ना, ताई.”

“तेच तर टाकायचे, पागल!”

डॉलर घातला आणि बसले. तीन आकडे, पाच आकडे, मध्येच रिकामी जागा, आकड्यांच्या जागी नाव, काकांचा मोबाईल. संध्याकाळपर्यंत सत्तर झाले. सगळे लाल.

ताईंनी यादी वाचली. “इतकं उलटंसुलटं तुला सुचतं कुठून?”

“शाळेत पेपरात मी असंच लिहायचे, ताई.”

त्या हसत सुटल्या. “पक्की झालीस तू. आता सगळ्याच कामांची तपासणी तुझी.”

घरी फोन लावला. काम काय, आईने विचारलं.

“चुकीचं टाकायचं.”

 आई हळूच म्हणाली, “बेतान कर गो बाय.”