खिडकीखालची मोटार

१९५३ साली मी एकतीस वर्षांचा होतो. इंदूरच्या तुकोगंजात आमच्या एकुलत्या एका खिडकीखाली शेजारच्या वकिलांची मोटार रोज सकाळी तासभर नुसती चालू उभी असायची. धूर सरळ घरात; आत माझी बायको दम्यानं बेजार. ड्रायव्हर उजवा हात खिशात घालून डाव्या हातानं काच पुसत राहायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "मोटार भरधाव पळवण्याचा कायदा आहे भिया, उभी ठेवण्याचा नाही."

मग ड्रायव्हरलाच दरडावलं, "बंद कर ती."

त्यानं खिशातून हात काढला. मनगट वाकडं जुळलेलं होतं. "मोटार चालू करताना पुढचं हँडल उलटं फिरलं, तेव्हा मोडलं. सकाळी माळी हँडल मारून देतो, फिर वो चला जाता है. बंद पडली तर चालू कोण करणार? साहेबांना हात कळला की नौकरी गेली, बाबूजी."

"मी मारतो हँडल," एवढंच म्हणायचं होतं. पण वकिलाच्या मोटारीपुढे वाकायला माझा ताठा तयार होईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बायको हवा मागत असताना, मी ती खिडकी खिळे ठोकून बंद केली.