चिमणीला न पटलेला शब्द

चूक काढण्यात माझ्या मेहुणीच्या सासऱ्यांचा हात धरणारा माणूस ठाण्यापासून कल्याणपर्यंत शोधलात तरी सापडायचा नाही, आणि सापडलाच तर काका त्याच्यातही दोन चुका काढतील. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. तयार झालेला नट उचलायचा, डोळ्यांसमोर धरायचा आणि नाक मुरडून बाजूला टाकायचा, यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्तीनंतर नट मिळेनात, तेव्हा त्यांनी मराठी भाषा हातात घेतली. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या मागची सुभाषितं, सोसायटीच्या नोटिसा, कशाचीच सुटका नाही. मी डोंबिवलीत घर घेतलं आणि वास्तुशांतीची पत्रिका द्यायला कळव्याला गेलो, तर त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि पत्रिका तपासून मला परत दिली. "येतो आम्ही, पाहुणे. पण 'आशीर्वाद' ऱ्हस्व लिहिलात तर मिळेलही तेवढाच." आता हसू येतं, पण तेव्हा माझ्या पिशवीत तसल्या दीडशे पत्रिका होत्या!

असा हा साताऱ्याकडचा शिस्तीचा माणूस तरुणपणी प्रेमात पडला तो खाडीकाठच्या कोळ्याच्या मुलीच्या. काकू बोलायला लागल्या की भांडतायत की जेवायला बोलावतायत ते कळायचं नाही. माशांचं ताट समोर आलं की कळायचं. "बस रं, म्हावरं केलंय, जेवल्याबिगर नय जायाचं," असं दारातूनच ओरडायच्या. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि त्या घरात आवाज म्हणून उरला नाही. काका नुसते खिडकीशी बसून राहायचे. पाट्याही वाचेनात, तेव्हा माझी मेहुणी घाबरली आणि तिने त्यांच्या फोनवर मराठी शब्दांचा एक खेळ टाकून दिला.

खेळ खरंच गोड आहे. चार-पाच अक्षरं गोल मांडलेली असतात, बोट फिरवून ती जोडायची. शब्द बरोबर आला की कोपऱ्यातली चिमणी एक काडी उचलून घरट्यात ठेवते. चुकला की मान हलवते आणि खाली पाटी येते, 'असा शब्द नाही.' काका चार दिवसांत त्या चिमणीचे गुलाम झाले. पुढे त्यांना शोध लागला की या खेळाबद्दल लोक मतं लिहितात आणि ती आपल्यालाही लिहिता येतात. मग काय, आयतं कोलीत! एका माणसाला एकच मत देता येतं, म्हणून दर रविवारी आंघोळ करून ते जुनं मत पुसायचे आणि नवं लिहायचे. सुरुवात 'स.न.वि.वि.', शेवट 'लोभ असावा'. मध्ये चिमणीची तब्येत, वेलांट्यांची दुरुस्ती आणि इतर खेळाडूंचा समाचार. जाहिराती फार येतात अशी कुणीतरी तक्रार केली होती, त्यावर यांचं उत्तर, 'जाहिरात आली की मी पाणी पितो. डॉक्टरांनी तसंही जास्त प्यायला सांगितलं आहे.' एकाने 'टाइमपास आहे' एवढंच लिहिलं, तर हे दिवसभर धुसफुसत होते.

आणि एके दिवशी मला फोन. "पाहुणे, ताबडतोब या." गेलो. फोन माझ्यासमोर धरला. अक्षरं होती म्हा, ता, रं, व. त्यांनी 'म्हातारं' जोडलं, चिमणीने काडी उचलली. मग 'म्हावरं' जोडलं. चिमणीने मान हलवली. असा शब्द नाही.

"बघितलंत? म्हातारं चालतं आणि म्हावरं चालत नाही!" काका कडाडले. "तिच्या घरात रोज शिजायचं हो ते. आणि ही चिमणी म्हणते, नाही!"

तो शब्द खेळात घ्यायला लावायचा, हा काकांचा ध्यास झाला. मुलाच्या फोनवरून लिहिलं, सुनेच्या फोनवरून लिहिलं आणि मग माझ्या फोनवरून, माझ्याच नावाने, मला न विचारता. ते वाचायला मी खेळाचं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. 'इतका सुंदर खेळ मराठीत दुसरा नाही' असं वीस ओळी लिहून खाली तारा दिलेला एक! चारही फोनवरून एकेकच.

"काका, एकच तारा?"

"मग? खेळ एक नंबर आहे."

"अहो, पाच तारे म्हणजे सगळ्यात चांगला. एक म्हणजे टाकाऊ."

काकांचा चेहरा पडला. "म्हणजे मी त्या बिचाऱ्यांना इतके महिने रिजेक्ट करत होतो?" त्या दुपारी त्यांनी चारही फोन मागून घेतले आणि सगळीकडे पाच-पाच तारे केले. खाली लिहिलं, 'चूक माझी होती. शब्द मात्र बरोबर आहे. माझी पत्नी तो जन्मभर बोलली.'

आठवड्याभरात खेळ करणाऱ्यांचं उत्तर आलं. 'काका, शब्द घेतला आहे. खेळून बघा.'

रविवारी सकाळी मी कळव्याला पोचलो तेव्हा काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. तीच पातळी पुन्हा उघडली. बोट दोनदा घसरलं. तिसऱ्यांदा म्हा, व, रं जुळलं. चिमणीने काडी उचलली आणि घरट्यात ठेवली.

मी टाळी वाजवली. काका फोन मांडीवर पालथा ठेवून म्हणाले, "पाहुणे, चिमणीला कशाला दोष द्यायचा? तुमची काकू 'म्हावरं' म्हणाली की मीच म्हणायचो, मासे म्हण. चारचौघांत म्हणायचो. सदतीस वर्षं. हसायची आधी. शेवटी शेवटी माझ्यासमोर 'मासे'च म्हणायला लागली. मला वाटलं, सुधारली."

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात मेहुणी पिशवी घेऊन बाहेर आली. "बाबा, बाजारात चाललेय. भावजी आलेत, मासे आणू ना?"

काकांनी डोळे पुसले आणि सवयीने बोट वर केलं.

"मासे नाही गं," ते म्हणाले, "म्हावरं म्हण."