धनेशाच्या ढोलीला सनई

नागवेणी नाईकला आमच्या सिद्दापूर भागात कोणी ‘फोटोवाली’ म्हटलं की ती लगेच दुरुस्त करते. “फोटोवाली नाही, व्हिडिओवाली. फोटोत माणूस गप्प बसतो.”

माझं कापडाचं दुकान बंद झाल्यावर पुढची खोली मी तिला स्टुडिओसाठी दिली. मी मागे राहतो, दुपारी पायरीवर बसतो. तिच्याविषयी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. पण मी कधी काही लिहिलेलं नाही, आणि लिहिलं तर कोण वाचणार, असंही वाटत होतं. तरी लिहितो. बाकीचे लोक तिच्याविषयी जे सांगतात ते फार चुकीचं सांगतात.

ती या धंद्यात आली ती नवरीच्या खोलीमुळे. आमच्याकडे नवरीची हळद आणि साजशृंगार चालू असताना त्या खोलीत पुरुषाला पाऊल टाकू देत नाहीत. पूर्वी व्हिडिओवाले अंगणात विड्या ओढत बसायचे आणि तेवढा भाग गुलाबाची फुलं दाखवून भरून काढायचे. नागवेणी कॅमेरा शिकली आणि सरळ आत गेली. मग सगळ्या बायका तिलाच बोलवायला लागल्या.

तिने एचडी कॅमकॉर्डर आणला तेव्हा मात्र कौतुक कमी आणि तक्रारी जास्त झाल्या. आधीच्या कॅमेऱ्यात सगळ्या नवऱ्या गोऱ्यापान दिसायच्या. यात पावडरची रेघ दिसायची, भटजींच्या धोतरावरचा आमटीचा डाग दिसायचा. एका सासूबाई तर डीव्हीडी घेऊन भांडायला आल्या. “अगो, मला मिशा कुठून आल्या?”

“मी नाही लावल्या, अम्मा,” नागवेणी म्हणाली. “कॅमेऱ्याला खोटं बोलता येत नाही.”

लग्नाच्या डीव्हीडीत विधी आणि जेवणं यांच्या मधल्या जागा भरायला काहीतरी सुंदर घालावं लागतं. सगळे व्हिडिओवाले शहरातून तयार चित्रं आणतात. तळं, हंस, पाश्चात्य बाग. नागवेणीला त्याचा राग यायचा. मला ती माम, म्हणजे मामा, म्हणते. “आपल्याकडे हंस कुणी बघितलाय, माम? कुणाच्या तरी लग्नात कुणाचे तरी हंस!” म्हणून ती स्वतः शोधत हिंडायची. सुपारीच्या बागेतलं धुकं, ओहोळातले खेकडे, मिरीच्या वेलावरची मुंगी. एचडीमध्ये मुंगीचे पायसुद्धा वेगळे दिसायचे.

अशीच ती माघ महिन्यात हुलिमनेच्या वरच्या जंगलात शिरली. हुलिमने हे त्या गावाचं खरं नाव नाही. ते मी लिहिणार नाही. तिथे तिला एक नर धनेश दिसला. आम्ही त्याला मंगट्टे म्हणतो. पिवळी भलीमोठी चोच, डोक्यावर शिंगासारखा टोप, उडताना पंखांचा आवाज असा की झाडामागून वाफेचं इंजिन येतंय. तो एका जुन्या झाडाच्या ढोलीपाशी येऊन बसला. ढोली चिखलाने लिंपलेली, मध्ये बोटभर रुंद फट. आत मादी. अंडी घालायच्या वेळी ती स्वतःला आत कोंडून घेते आणि पिलू मोठं होईपर्यंत बाहेर येत नाही. तोवर नर आणेल तेच खायचं.

नागवेणीने ते चित्रण मला आधी दाखवलं. नर गळ्यातून एक उंबर वर काढतो, चोचीच्या टोकाशी आणतो, फटीत देतो. आतून दुसरी चोच येते आणि घेते. मग दुसरं उंबर. मग तिसरं. एकही खाली पडत नाही. माझं वय झालंय, तरी मी खुर्चीतून पुढे वाकलो.

“हे लग्नात घालणार?” मी विचारलं.

“लग्नात नंतर. आधी केबलवर. सगळ्यांनी बघू दे.”

आमच्या गावात केबल दिनकर भंडारींची. सगळे त्यांना दिनकरण्णा म्हणतात. रविवारी संध्याकाळी ते गावचा कार्यक्रम लावायचे. रथोत्सव, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाचा सत्कार. त्या रविवारी धनेश लागला. रस्त्यावर माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्यांच्या तोंडी तेच. बायका नवऱ्यांना म्हणत होत्या, “बघितलंत? तो एक शब्द न बोलता आणून देतो.”

पण दुपारपर्यंत दुसरंच सुरू झालं. न्हाव्याच्या दुकानात कुणीतरी म्हणालं, “पाखरू राहू दे बाजूला. मागे गिरणी ऐकलीत? टुक् टुक् टुक्, आणि मध्ये एक ठोका गाळते. असली गिरणी भागात एकच.”

“आणि एसटीचा हॉर्न? तो आपला फ्रान्सिसच वाजवतो तसा. चढावर दोनदा.”

“म्हणजे हुलिमने!”

“हुलिमनेच, मारायरे! पलीकडचा डोंगर बघितला नाही?”

आमचे लोक असेच. टीव्हीवर काहीही दाखवा, ते मागचं बघतात आणि मागचं ऐकतात. संध्याकाळी चार-पाच मोटारसायकली हुलिमनेला गेल्या. झाड त्यांना सापडलं नाही, पण ते जंगलभर हाका मारत फिरले. नागवेणी लांब झुडपात बसली होती. अंधार पडेपर्यंत नर आला नाही. फटीतून चोच बाहेर येत होती, थांबत होती, परत आत जात होती.

हे सांगताना ती रडली नाही. “माम, मीच वाट दाखवली त्यांना. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणून मिरवत होते ना मी? आता बोलेल.”

दोन दिवस तिने स्टुडिओचं दार लावून घेतलं. पुढच्या रविवारी धनेश पुन्हा लागला, आणि लोक हसून लोळायचे बाकी राहिले. गिरणी नाही, एसटी नाही, वाऱ्याचा आवाज नाही. त्याऐवजी लग्नातली सनई आणि डोलू, आमचा मोठा ढोल. नर उडत आला की डोलू घुमायचा, उंबर दिलं की सनई वर चढायची. शिवाय सगळं चित्र तिने आरशात दिसतं तसं उलटं केलं होतं. डावीकडचा डोंगर उजवीकडे. म्हातारे मान वाकडी करून बघत होते. “डोंगर ओळखीचा वाटतो, पण बसत नाही कुठे.”

“नागवेणीला लग्नांचं वेड लागलंय,” असं ठरलं. पोरं तिला बघून तोंडाने सनई वाजवायची. तिने कारण कुणाला सांगितलं नाही. कारण सांगितलं असतं तर पहिली चित्रफीत खरी होती हेही सांगितल्यासारखं झालं असतं.

दिनकरण्णा मात्र हुशार माणूस. त्यांनी धबधब्याच्या रस्त्यावर नुकताच होम-स्टे काढला होता, आणि पाहुण्यांना दाखवायला तिथे बदकांशिवाय काही नव्हतं. ते एक दिवस स्टुडिओत आले. सोबत बंगळूरचे एक पाहुणे, गळ्यात दुर्बीण. मी धने-जिऱ्याचा गरम कषाय करून आणला.

“चित्रण फार चांगलं आहे तुमचं,” पाहुणे म्हणाले. “पण ही सनई? निसर्गात सनई कुठे असते, बाई? सगळ्याची माती केलीत. मूळ आवाज द्या, मी मोठ्या ठिकाणी दाखवतो. तुमचं नाव होईल.”

“नाव आहे मला,” नागवेणी म्हणाली. “नागवेणी.”

“तसं नव्हे. मी पक्ष्यांवर प्रेम करणारा माणूस आहे. ठिकाण मला एकट्याला सांगा. माझ्याकडून कुठे जाणार नाही.”

“तुम्ही बोलणार नाही हो. पण तुम्ही चालत जाणार का? तुमचा ड्रायव्हर बोलेल. तुम्हाला वाट दाखवणारा बोलेल. चहावाला विचारेल, साहेब रोज कुठे जातात.”

पाहुण्यांनी कषाय अर्धा ठेवला आणि उठले. दिनकरण्णा बसून राहिले. “हे बघ नागवेणी, झाड काय तुझ्या बापाचं आहे?”

“नाही. तुमच्याही नाही.”

“केबल माझी आहे.”

“मग ती ठेवा.”

“परत तुझं काही लागणार नाही तिच्यावर. लग्नांचंसुद्धा बघून घेईन.”

“बघा की. बघण्यासारखंच करते मी.”

ते गेल्यावर मी म्हणालो, “अगं, जरा गोडीत सांगायचं होतंस.” ती कपबशा उचलत होती. “गोडीत सांगितलं की लोकांना वाटतं, अजून थोडं ओढलं तर येईल.”

तिच्यासाठी केबल बंद झाली. सिद्दापुरातली दोन-तीन लग्नं हातची गेली. तेव्हा तिने काय करावं? जी लग्नं उरली त्या प्रत्येक डीव्हीडीत तिने धनेश घातला. ताळी, म्हणजे आमचं मंगळसूत्र, बांधून झाली की पंगत बसायच्या आधी तो उलटा डोंगर, तो नर, ते उंबर, आणि खाली त्याच लग्नातली सनई. आता ती कुणाला खटकेना. लग्नात सनई असायचीच. एकेका डीव्हीडीच्या पाच-पाच प्रती निघायच्या आणि मुंबई, मस्कत, कुठे कुठे नातेवाइकांकडे जायच्या. जे चित्र दिनकरण्णांनी गावात बंद केलं ते जगभर हिंडायला लागलं. मागून नवऱ्याच सांगायला लागल्या, “अक्का, ते मंगट्टे माझ्यात पण हवं. उंबर देतो ते पूर्ण हवं, कापायचं नाही.”

वैशाखात दिनकरण्णांच्या शामलाचं लग्न आलं. एकुलती मुलगी. त्यांनी शिर्सीहून व्हिडिओवाला आणला, उंच क्रेनसकट. मी आमंत्रित होतो, मांडवात कोपऱ्यातली खुर्ची धरून बसलो होतो. हळदीची वेळ झाली तेव्हा आतून कडी लागली. शिर्सीवाल्याने दार वाजवलं. आतून दिनकरण्णांच्या मोठ्या बहिणीचा आवाज आला, “कोण रे तो मेला?”

“व्हिडिओवाला आहे, अम्मा.”

“मग झाडाचा व्हिडिओ काढ जा!”

मग दिनकरण्णा स्वतः गेले. “अक्का, उघड गं. मुहूर्त जातोय.”

“तू कोण? तू बाप्याच ना? नागवेणी कुठाय? शामला म्हणते ती आल्याशिवाय हळद लावून घेणार नाही.”

मांडवात सगळे ऐकत होते. कुणी हसलं नाही, पण सगळे पानाचा चुना शोधायला लागले. शेवटी मोटार पाठवून नागवेणीला आणलं. ती साध्या सुती साडीत, खांद्यावर कॅमेरा. दिनकरण्णांनी तिला मांडवाच्या खांबाशी अडवलं. आवाज खाली ठेवून बोलले, पण मी जवळच होतो.

“काढ व्हिडिओ. जे मागशील ते देतो. पण आज तरी सांग. माझे व्याही मोठे लोक आहेत, उद्या त्यांना दाखवीन. एकदाच.”

“मंगट्टे डीव्हीडीत येईल. शामलाने सांगितलंय.”

“येऊ दे. ठिकाण सांग.”

“दिनकरण्णा, मादी अजून ढोलीत आहे. पिलू आहे. आताच तुमच्या घरातलं एक दार बायकांनी उघडलं नाही. तुम्ही मालक, तुम्ही बाप, तरी नाही. तुम्ही लाथ घातलीत का त्याला?”

“ते वेगळं. ही माझी पोर.”

“तिला मी ओळखते, तुमची पोर आहे. त्या दुसरीचं कोण आहे इथे? तो एक नर. तोही तुमच्या गाड्या बघून पळतो.”

दिनकरण्णांच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. ते म्हणाले, “तू नाही सांगितलंस तर आत जाऊ देणार नाही.”

“नका देऊ,” ती म्हणाली आणि कॅमेरा खाली ठेवून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. “माम, सरबत मिळतंय का कोकमाचं?”

मी उठून सरबत आणलं आणि तिच्या हातात दिलं. आतून आरडाओरडा सुरू झाला. भटजी दोनदा येऊन घड्याळ दाखवून गेले. व्याह्यांकडची माणसं कुजबुजायला लागली. शेवटी दिनकरण्णांनी स्वतः कॅमेरा उचलला आणि तिच्या मांडीवर ठेवला. “जा बाई. जा एकदाची.”

तिने सरबत संपवलं, मग उठली.

लग्न छान झालं. आमच्याकडे मोठ्या घरचं लग्न केबलवर दाखवतात, आणि दिनकरण्णांच्या घरचं दाखवलं नसतं तर व्याह्यांना काय वाटलं असतं? म्हणून पुढच्या रविवारी त्यांनीच ते लावलं. ताळी बांधून झाली, अक्षता पडल्या, आणि पंगतीच्या आधी त्यांच्याच केबलवर धनेश आला, सनईसकट. कापलेला नव्हता. एक, दोन, तीन, सगळी उंबरं. शामला सासरहून फोन करून विचारत होती म्हणे, “लागलं का? पूर्ण लागलं का?”

रात्री दिनकरण्णा पायरीवर माझ्याजवळ येऊन बसले. म्हणाले, “शानभागमाम, तुम्हाला तर माहीत असेल कुठे आहे ते.”

मला खरंच माहीत नव्हतं. हुलिमनेचं जंगल मोठं आहे, आणि मी कधी विचारलं नाही. पण ‘मला माहीत नाही’ असं मी म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी मोठ्या माणसाकडे नुसतं बघितलं आणि गप्प बसलो. ते उठून गेले.

ज्येष्ठात एका सकाळी नागवेणी चिखलाचे पाय घेऊन आली. “ढोली फुटली,” म्हणाली. “आई बाहेर, पिलू बाहेर. तिघंही उंबरावर बसलीत. पिलाला अजून नीट उडता येत नाही, धडपडतंय.”

“शूटिंग केलंस?”

“केलं.” तिने कॅमेरा टेबलावर ठेवला. “पुढच्या वर्षी ती त्याच ढोलीत येतील, माम. सनईवाल्यांना आताच सांगून ठेवते.”