सोलापुरात प्लास्टर घातलेला हॅम

पुणे स्टेशनात गाडीत चढले तेव्हा माझ्या एका हातात वळकटी होती आणि दुसऱ्या हातात मलमलीच्या कापडात बांधलेली आठ पौंडांची डुकराची मांडी. आमच्या घरात अंडंसुद्धा मागच्या गॅलरीत, वेगळ्या स्टोव्हवर, खिडकी लावून उकडतात. अशा घरातली चाळिशी उलटलेली बाई असलं ओझं घेऊन सोलापूरला का निघाली, ते आधी सांगायला हवं.

मी एका साप्ताहिकात पाककृतींचं सदर लिहीत होते. आदल्या वर्षी संपादकांनी नाताळच्या अंकासाठी 'काहीतरी साहेबी' मागितलं. रद्दीवाल्याकडच्या एका विलायती मासिकातून मी 'घरच्या घरी रसाळ हॅम' (हॅम म्हणजे डुकराची धुरी दिलेली मांडी) ही कृती उचलली, मराठीत आणली आणि शेवटी 'आमच्याकडे हा सर्वांना फार आवडतो' असं ठोकून दिलं. हॅम मी जन्मात केला नव्हता. खाल्लाही नव्हता. अंक निघाला, मैत्रिणींनी कौतुक केलं आणि मी ते विसरून गेले.

अकरा महिन्यांनी सोलापूरहून एक कार्ड आलं. लिहिणाऱ्या मार्थाबाई, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मेट्रन. मजकूर एवढाच: 'तुमच्या कृतीने गेल्या नाताळात हॅम केला. चौदा माणसे उपाशी उठली. या नाताळाला हॅम घेऊन यावे व माझ्यासमोर करून दाखवावा. नाहीतर मी तुमच्या संपादकांना भेटायला पुण्याला येते.'

संपादक भले माणूस, पण न शिजवता लिहिणारी बाई त्यांनी एक दिवस ठेवली नसती. आणि ते सदर म्हणजे अख्ख्या घरात माझ्या नावावर असलेली एकुलती एक गोष्ट. ती जाऊ द्यायची माझी मुळीच तयारी नव्हती. लष्कर भागातल्या दुकानातून हॅम आणला, घरी 'मैत्रिणीकडे जाते' म्हणून सांगितलं आणि निघाले. आणीबाणी उठली त्या वर्षीचा तो डिसेंबर.

दौंडला समोरच्या बाकावर एक खेडवळ आजी येऊन बसल्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर बोचकं. गाडी सुटायच्या आत त्यांनी माझं नाव, गाव, मुलं सगळं काढून घेतलं. मग नजर मलमलीवर गेली.

"ताई, ह्या गठुड्यात काय हाय?"

"भोपळा," मी म्हटलं.

"भोपळ्याला धुराचा वास येतोय की."

"भाजलेला आहे."

"आनि हाड कसं काय लागतंय?" आजींनी तोवर बोटानं चाचपूनसुद्धा घेतलं होतं.

मी खिडकीबाहेर ज्वारी बघत बसले. कुर्डुवाडीला आजींनी मला आपल्यातली अर्धी भाकरी आणि शेंगाचटणी दिली. शेंगदाणा, लसूण आणि तिखट कुटून तेल सुटेपर्यंत एकजीव केलेली ती चटणी खाऊन माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. माढ्याला उतरताना आजी माझ्या कानाशी वाकल्या.

"डुकराचं असंल तर उगं लाजू नगा. मालक मिल्ट्रीत हुते माजे. त्यानी लई खाल्लंय. मीठ लई अस्तंय म्हनायचे त्येला."

एवढं सांगून त्या उतरल्या. मीठ लई असतं, हे मी एका कानानं ऐकलं. दुसरा कान काय करतो ते सर्वांना माहीत आहेच.

सोलापूर स्टेशनावर उतरले तेव्हा कुठल्यातरी गिरणीचा भोंगा वाजत होता आणि टांगेवाले एकमेकांशी तीन भाषांतून भांडत होते. चर्चच्या बोळातलं मार्थाबाईंचं बैठं घर लगेच सापडलं. मार्थाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, ताठ, पांढरी साडी, मनगटावर पुरुषी घड्याळ. निवृत्त झाल्याचं त्यांना कुणी कळवलं नसावं.

"या की बाई. पेशंट आणलाय?"

मी मलमल पुढे केली. त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या फळीवर सोडली, अंगठ्यानं दाबून पाहिलं, वास घेतला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आता पहिल्यांदा काय करायचं?"

"पहिल्यांदा..." मी म्हटलं, "चहा."

त्या हसल्या नाहीत. चहा मात्र केला. मग म्हणाल्या, "तुम्ही दमलाव. मी आपली प्रवासाची धूळ तेवढी काढते." आणि अख्खी मांडी त्यांनी बादलीभर गार पाण्यात बुडवून ठेवली. झोपण्याआधी पाणी बदललं, पहाटे पुन्हा बदललं. हे दवाखान्यातलं सोवळं असणार, असं मी मनाशी म्हटलं आणि त्यांच्या स्वच्छतेची जरा चेष्टाही केली. त्या तेव्हाही हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी कृती सुरू झाली. माझा लेख त्यांनी कापून भिंतीला चिकटवला होता. त्यात मी हॅम सफरचंदाच्या रसात शिजवायला सांगितलं होतं.

"सोलापुरात आठ पौंड हॅम बुडेल एवढा सफरचंदाचा रस कुठनं आणायचा, तेबी सांगा की," मार्थाबाई म्हणाल्या.

"आम्ही उसाचाच वापरतो," मी बेधडक म्हटलं. चौकातल्या चरकावरून कळशीभर रस आला. तो आणि पाणी समसमान, त्यात मिरी, तमालपत्र आणि दोन कांदे. आच इतकी मंद ठेवायची, की एखाददुसराच बुडबुडा यावा. मार्थाबाई घड्याळ बघून पौंडामागे वीस मिनिटं मोजत बसल्या. मी खिडकीशी बसून माझंच लिखाण पाठ करत होते. शिजल्यावर त्यांनी हॅम बाहेर न काढता त्याच रसात निवत ठेवला. का, ते मी विचारलं नाही. मला माहीत असायला हवं होतं ना.

पुढची पायरी होती भट्टीची. वरून गूळ आणि मोहरीचा लेप द्यायचा, लवंगा टोचायच्या आणि 'मध्यम तापलेल्या भट्टीत' ठेवायचा. एवढी मोठी भट्टी जवळपास एकच, बोळाच्या तोंडाशी असलेल्या चाचांच्या बेकरीत. बोळातल्या सगळ्या बायका नाताळात आपापली नानकटाई तिथेच भाजून आणत. पण चाचा पाच वेळ नमाज पढणारे मुसलमान.

"झाकणाच्या डब्यात घालू," मी सुचवलं. "त्यांना कशाला कळतंय?"

मार्थाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी थर्मामीटर फोडला होता.

"तीस वर्षं त्याच्या हातचा पाव खाल्लाय मी. त्याची भट्टी बाटवून माझा नाताळ करू व्हय?"

नानकटाईचं ताट घेऊन आम्ही दोघी बेकरीत गेलो. चाचा मेंदी लावलेल्या दाढीचे, पिठानं पांढरे झालेले. मार्थाबाईंनी सरळच विचारलं, "चाचा, आठ पौंडांची एक चीज आहे. भट्टीशिवाय भाजायची आहे, आणि कोरडी पडता कामा नये."

चाचांनी आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग दिनदर्शिकेकडे पाहिलं आणि दोन्ही हात वर केले. "नाम नक्को लेओ जी! (नाव घेऊ नका!) मैं कद्दू (भोपळा) समझतूं." मग आवाज खाली आणून समजावलं: जाड बुडाचं पातेलं, तळाला वाटीभर रस, काठाला पीठ लावून झाकण पक्कं बंद, खाली विस्तव थोडा, झाकणावर निखारे जास्त. "भाप बाहर गई, तो कद्दू सूखा. दो घंटे हात नक्को लगाव."

मला हायसं वाटलं. भारतातल्या सगळ्या धर्मांनी मिळून एका डुकराचा भोपळा केला होता.

नाताळच्या सकाळी मार्थाबाई चर्चला गेल्या आणि पातेलं माझ्या ताब्यात देऊन गेल्या. काठाला त्यांनी ज्वारीच्या पिठाचा जाड वळ लावला होता. गहू केकमध्ये संपले होते. आणि ज्वारीनं होत नाही असं काही जगात असतं, हे सोलापूरचं माणूस मानतच नाही. पण ज्वारीच्या पिठाला चिकटा नसतो. अर्ध्या तासात वळ वाळला, तडकला आणि फटीफटींतून वाफ सुटायला लागली. मी ओलं पीठ लिंपलं, ते गळून पडलं. फडकं गुंडाळलं, ते जळायला लागलं. प्रत्येक फुसकाऱ्याबरोबर माझं सदर वाफेतून उडून जाताना मला दिसत होतं.

शेवटी तशीच धावत चर्चच्या दाराशी गेले. आत गाणं रंगात आलं होतं. मार्थाबाईंनी माझा काळाठिक्कर चेहरा पाहिला, हातातलं पुस्तक मिटलं आणि कडव्याच्या मधूनच बाहेर आल्या.

"कुठं फ्रॅक्चर?"

"सगळीकडे," मी म्हटलं.

घरी येऊन त्यांनी पलंगाखालून एक पत्र्याची पेटी ओढली. त्यात प्लास्टरच्या पट्ट्यांची वेटोळी होती, मोडलेल्या हाडांना घालतात ती. "निवृत्तीच्या दिवशी पोरींनी भेट दिली," त्या म्हणाल्या. पट्टी पाण्यात बुडवायची, पिळायची, पातेल्याच्या काठावरून गुंडाळायची. मी पातेलं फडक्यांनी धरलं, त्यांनी तीन वेढे दिले, अंगठ्यानं कडा बसवल्या. पाच मिनिटांत प्लास्टर दगडासारखं झालं. वाफ बंद. मी आनंदानं त्यांना मिठीच मारली. त्यांनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या आणि मला हात धुऊन यायला सांगितलं.

दुपारी पाहुणे आले, गेल्या वर्षीचेच चौदा. त्यांतले निम्मे घरी जेवून आले होते, आणि मार्थाबाईंच्या भावानं तर पाण्याची स्वतःची कळशी आणली होती. सगळ्यांसमोर मार्थाबाईंनी प्लास्टर कापायच्या कात्रीनं पातेल्याचा पाय मोकळा केला. झाकण उचललं आणि उसाचा, लवंगेचा, धुराचा गोडसर वास खोलीभर पसरला. लगेच कापायला निघालेल्या भावाच्या हातातली सुरी त्यांनी काढून घेतली. "ऑपरेशन झाल्या झाल्या पेशंटला उठवत न्हाईत. वीस मिनिटं पडू दे."

वीस मिनिटांनी सुरी आत गेली ती लोण्यातून गेल्यासारखी. गुलाबी काप, कडेला गुळाची तपकिरी साय, आणि ताटात उतरलेला रस. कडक भाकरीचे तुकडे त्या रसात बुडवून लोक खायला लागले आणि पुन्हा पुन्हा ताटं पुढे करू लागले. मीही पहिला घास घेतला. आयुष्यात एवढं चविष्ट काही खाल्लं नव्हतं, आणि ते माझ्या नावावर छापलेलं होतं.

"पुण्याच्या बाईंनी कमाल केली!" भाऊ म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे वळून माना डोलावल्या. माझं काम झालं होतं. सदर वाचलं होतं. आता फक्त गप्प बसायचं होतं.

तेवढ्यात मार्थाबाईंची भाचेसून रूथ हिनं अगदी मनापासून विचारलं, "ताई, तुम्ही घरी वर्षातनं किती वेळा करता हा?"

'तीनचार' असं ओठांवर आलं होतं. पण समोर मार्थाबाई ताटाकडे बघत शांतपणे जेवत होत्या. रात्री आणि पहाटे उठून पाणी बदलणारी, गाणं अर्धवट सोडून धावणारी बाई. माझी मला एवढी लाज वाटली, की हातातला घास मी ताटात ठेवला.

"हा पहिलाच," मी म्हटलं. "मी कधीच केला नव्हता. ती कृती चोरलेली होती."

कुणाचा तरी चमचा ताटात पडला. मार्थाबाईंनी मान वर केली.

"मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या लेखाच्या शेवटी लिहिलंय, 'मीठ चवीनुसार'. अहो, महिनाभर मिठात मुरलेली मांडी असती ती. एकदा जरी केला असता, तर ते दोन शब्द लिहायला हात धजला नसता."

ते दोन शब्द मी विचार करून लिहिलेच नव्हते. शिऱ्यापासून सांबारापर्यंत प्रत्येक कृतीच्या शेवटी हात आपोआप ते लिहून मोकळा होतो. आमच्या जातीच्या लेखिकांनी पाणी उकळायची कृती लिहिली, तरी त्या शेवटी मीठ चवीनुसार घालतील.

"मग तुम्ही घातलंत कशाला?" मी विचारलं.

"छापलेलं होतं ना बाई," मार्थाबाई म्हणाल्या. "मला वाटलं, मलाच कळत नसंल."

रागावून बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक काप वाढला आणि रूथला बादली, पाणी आणि दोन वेळा बदलण्याची गोष्ट सांगायला लागल्या. मी कागद मागून घेतला आणि लिहू लागले. सगळं, अगदी प्लास्टरसुद्धा. चाचांचं नाव तेवढं गाळलं.

परतीच्या गाडीत हात मोकळे होते आणि डोकं भरलेलं. प्रवासाला गेलं की माणूस नवी गावं, नवी माणसं बघून येतो म्हणतात. मी सोलापूर धड पाहिलंही नाही. किल्ला नाही, तळ्यातलं देऊळ नाही. एक स्वयंपाकघर पाहिलं, आणि माझा छापील शब्द कुणाच्या तरी ताटात पडतो तेव्हा काय होतं ते पाहिलं. इतकी वर्षं मी लिहीत होते, पण कुणी ते खरं मानून चूल पेटवत असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता.

पुण्याला उतरून थेट कचेरीत गेले आणि संपादकांपुढे लेख ठेवला. पहिलंच वाक्य होतं, 'गेल्या वर्षीची हॅमची कृती मी न करता लिहिली होती.' त्यांनी शेवटपर्यंत वाचलं, चष्मा काढला.

"छापू?"

"छापा."

"आणि बाकीच्या कृती?"

मी बोटांवर मोजायला लागले. दोन्ही हात संपले तेव्हा त्यांनीच मला थांबवलं.

सदर त्यांनी बंद केलं नाही. पण तेव्हापासून आमच्या कचेरीत एक नियम झाला आहे, आणि गेली दोन वर्षं मी, शिपाई आणि छापखान्यात खिळे जुळवणारे सगळेच तो आनंदानं पाळतो. संपादक माझा लेख हातात घेत नाहीत. आधी डबा उघडायला सांगतात.