पेटी चाचांची, चित्रं मास्तरांची

चाचा कुणाकडेही बघताना डावा डोळा मिटून घ्यायचे. आयुष्यभर भिंगं पारखल्यामुळे जडलेली ही सवय, पण समोरच्या माणसाला वाटायचं आपल्यातच काहीतरी खोट आहे. मुलीला बघायला आलेल्या पाहुण्याकडेही त्यांनी असंच बघितलं. तो बिचारा कपाळावरचा घाम पुसत बसला. "साफ हाय पोरगा," असं चाचांनी जाहीर केलं तेव्हा कुठं चाचींनी पोह्यांच्या बशा बाहेर आणल्या.

भूमला एसटी स्टँडच्या मागं पत्र्याच्या शेडमध्ये चाचा सिनेमाच्या पेट्या बनवायचे. आताच्या मुलांना सांगावं लागतं, म्हणून सांगतो. समोर चार भिंगं, आत दोन लाकडी रिळं आणि त्यांवर गुंडाळलेली चित्रांची लांब पट्टी. दांडा फिरवला की आत चित्रं सरकायची आणि भिंगाला डोळा लावलेली पोरं 'आई गं' म्हणायची. बहात्तरच्या दुष्काळात माझं कॉलेज सुटलं. चाचा सुतारांच्या सहकारी संस्थेचे चेअरमन होते. संस्थेनं आम्हा आठ जणांना बाजारात, जत्रेत फिरवायला पेट्या दिल्या. माझं नुकतंच लग्न झालं होतं आणि घरची चूल त्या पेटीवरच पेटायची.

पेटी चाचांची असली तरी चित्रं बाहेरच्यांची असत. उस्मानाबादचे दोघं बोर्ड रंगवणारे पट्ट्या काढून देत. पण खरा हात तामलवाडीच्या मास्तरांचा. शाळेत चित्रकला शिकवायचे, स्वभावानं अबोल. त्यांच्या चित्रातली बाई डोक्यावर घागर घेऊन चालली की आपणच बाजूला सरावं असं वाटायचं. चाचांना मात्र हे कधी पटलं नाही. "लोक पेटी बघाय येत्यात रे," ते म्हणायचे. "चित्रं काय, दुकानाच्या पाट्यांवर बी असत्यात."

या समजुतीनंच घात केला. पुढं पाऊसपाणी बरं झाल्यावर चाचांनी नवी पेटी काढली. सोलापूरहून आणलेली मोठी भिंगं, पितळी दांडा आणि चार बोटं जास्त रुंदीची रिळं. जुनी एकही पट्टी तिच्यात बसेना. वर चाचांनी चित्रकारांना अट घातली की नव्या मापाची पट्टी करायची ती फक्त त्यांच्यासाठी, दुसऱ्या पेटीवाल्याला द्यायची नाही. एवढ्यावर थांबले असते तरी निभावलं असतं. पण पट्टीच्या कोपऱ्यात चित्रकार बारीक अक्षरात आपलं नाव लिहीत, त्यावर त्यांनी काळा रंग फिरवला. पेटीवर एकच नाव पाहिजे म्हणे, त्यांचं! मास्तर भांडले नाहीत. शेडमधलं आपलं रंगाचं सामान पिशवीत भरून गेले आणि बार्शीच्या एका पेटीवाल्याला चित्रं देऊ लागले. मागोमाग उस्मानाबादचे दोघंही गेले.

मग चाचांनी स्वतः कुंचला हातात घेतला. शिकारीची पट्टी काढली. भूमच्या बाजारात मी ती पेटीत लावली, तर एका पोरानं भिंगातून बघितलं आणि ओरडला, "आरं, ह्यो वाघ न्हाय, वासरू हाय!" सगळा बाजार हसला. मलाही हसू आलं, पण संध्याकाळी घरी गेल्यावर बायकोनं रिकामी पिशवी बघितली आणि खुंटीला अडकवली. तिनं काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

नवी चित्रं येईनात, म्हणून आठांपैकी सहा जण पेट्या परत करायला निघाले. शेडमध्ये बारा नव्या पेट्या एकावर एक पडून होत्या. पेट्या परत आल्या की शेड बंद पडणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी चिडून म्हणालो, "चाचा, पेटी लई भारी हाय तुमची. पण आत काय हाय?" त्यांनी डोळा मिटला नाही, दोन्ही डोळ्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन दिवसांनी म्हणाले, "दत्तू, तामलवाडीला चल."

मास्तरांनी अंगणात बाजेवर बसवलं, चहा दिला. पण चाचांची खोड कुठली जाते! बसल्या बसल्या भिंग किती मोठं आणि दांडा किती हलका हेच सांगत राहिले. मी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चाचा, भिंगाचं राहू द्या. माझं नाव कशाला पुसलं तुम्ही?"

चाचा कपबशी खाली ठेवून उठले. परतीच्या एसटीत तुळजापूर मागं पडलं. तेव्हा ते एकदम म्हणाले, "गलती झाली रे माझी. लई मोठी गलती."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाराही पेट्या खोलल्या. रिळं धरणारी आतली फळी सरकती केली. आता जुनी पट्टी बसावी, नवी बसावी, बार्शीची सुद्धा बसावी. त्यातली एक पेटी एसटीच्या टपावर टाकून आम्ही पुन्हा तामलवाडीला गेलो. चाचांनी ती मास्तरांच्या ओसरीवर ठेवली. "मास्तर, पट्टी करा म्हणाया आलो न्हाय. ही तुमच्या घरी ऱ्हाऊ द्या, चालवून बघा. काढलीच तर कुणालाबी द्या. अन् नाव पुसणार न्हाय, ही माझी जबान." आम्हा आठ जणांनाही त्यांनी बजावलं की दांड्याला हात लावायच्या आधी चित्रकाराचं नाव मोठ्यानं घ्यायचं.

महिना गेला. मास्तरांचा पत्ता नाही. चाचा रोज स्टँडवर येणारी प्रत्येक गाडी बघून यायचे आणि चाचींना सांगायचे की तंबाखू आणायला गेलो होतो.

आणि एका बाजारच्या दिवशी मास्तर उतरले. काखेत धोतराच्या फडक्यात बांधलेली पट्टी. तिच्यावर दुष्काळी कामं होती. खडी फोडणाऱ्या बाया, टँकरपुढची रांग, झाडाला टांगलेल्या झोळीत निजलेलं लेकरू. मी खच्चून ओरडलो, "चित्रं तामलवाडीच्या मास्तरांची!" दोन-चार बायांनी भिंगात बघितलं आणि बाजारभर सांगत सुटल्या, "आगं, आपल्या कामावरच्या बाया हायेत की ह्या!" दुपारपर्यंत रांग पार धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्याला लागली. माझा जीव भांड्यात पडला. पिशवी भरून घरी जायचं म्हणजे काय, हे मी विसरूनच गेलो होतो.

गर्दी ओसरल्यावर मास्तर म्हणाले, "चाचा, शेवटचं चित्र तुम्ही बघा." चाचा वाकले. मी दांडा फिरवला. शेवटच्या चित्रात शेडमध्ये रंधा मारणारे चाचाच होते आणि खाली उर्दूत दोन ओळी. मास्तर शिकले ते निजामाच्या राज्यात, उर्दू शाळेत. चाचांना मराठी वाचता येत नाही, हे त्यांनी ध्यानात ठेवलं होतं. चाचा भिंगावरून उठेचनात. मला ती अक्षरं कळत नव्हती, म्हणून विचारलं, "काय लिवलंय, चाचा?"

"दोघांची नावं हायेत," ते वाकलेलेच म्हणाले. "अन् येडा मास्तर... माझं आधी लिवलंय."